तिकिटाचे वर्णन आणि विक्रेत्याचा शब्द

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ग्वाल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत इतिहास, संगीत आणि नाटक यांना मानाचे स्थान मिळावे, हे ग्वाल्हेरच्या परंपरेला साजेसेच आहे. त्या थोर विषयांच्या पंगतीला टपालाच्या तिकिटासारखा चिमुकला कागद बसवावा की नाही, अशी शंका श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु लष्कर भागातील कितीतरी जुन्या मराठी घरांत, माळ्यावरच्या पेटीत, आजोबांनी किंवा पणजोबांनी हौसेने भरलेली तिकिटांची वही आजही पडून आहे. नातवंडे दूरदेशी गेली, वाडे विकले जाऊ लागले आणि या वह्या बाहेर येऊ लागल्या. पूर्वी त्या रद्दीत जात. आता घरातला एखादा तरुण तिकिटाचे छायाचित्र काढतो, खाली दोन ओळी लिहितो आणि ते ऑनलाइन विक्रीस मांडतो. त्या दोन ओळी कशा लिहाव्यात, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

विषय लहान दिसतो, पण त्यात प्रश्न सचोटीचा आहे. दुकानात गिऱ्हाईक वस्तू हाती घेते, उलटसुलट पाहते, भिंग लावते आणि मग पैसे मोजते. दूरच्या गिऱ्हाइकाला यांतले काहीच करता येत नाही. विक्रेत्याचे वर्णन हेच त्याचे डोळे आणि तेच त्याचे भिंग. कायद्यानेही हे ओळखले आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे पंधरावे कलम असे सांगते की, वर्णनावरून विक्री झाली असेल तर माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही अट करारात अध्याहृत असते. ती वेगळी लिहावी लागत नाही. २०२० साली ई-व्यापारासाठी जे नियम झाले, त्यांनीही हाच धागा पुढे नेला. मालाचे वर्णन त्याच्या प्रत्यक्ष गुणांशी सुसंगत असावे आणि वर्णनाबरहुकूम नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असे ते नियम सांगतात. म्हणजे वर्णन ही जाहिरात नव्हे. तो दिलेला शब्द आहे.

वर्णनाची पहिली पायरी म्हणजे ओळख. तिकिटावर जे छापले आहे तेवढे सांगितले म्हणजे ओळख पटली, असे नवख्या माणसाला वाटते. एकच उदाहरण देतो. १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताची पुरातत्त्व मालिका निघाली. तीत १ आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती होती. पण चित्र उलटे छापले गेल्याने मूर्तीचा डावा हात पसरलेला दिसू लागला. १९५० साली ते सुधारून उजवा हात पसरलेले तिकीट काढण्यात आले. किंमत तीच, विषय तोच, मालिका तीच. तरी संग्राहकाच्या दृष्टीने तिकिटे दोन. ‘१ आणा, बोधिसत्त्व’ एवढेच लिहिणाऱ्याने खोटे काही लिहिलेले नसते. पण घेणाऱ्याला जे कळायला हवे होते, ते मात्र सांगितलेले नसते.

कित्येकदा तर समोरून भेद दिसतही नाही. आपल्याकडची जुनी तिकिटे आधी लंडनच्या डी ला रू या छापखान्यात छापली जात. नाशिकचा सरकारी सुरक्षा छापखाना १९२५ साली उघडला आणि १९२६ पासून भारतीय तिकिटे तेथे छापली जाऊ लागली. पंचम जॉर्ज राजाच्या काही तिकिटांचे चित्र तेच राहिले. पण लंडनच्या कागदात प्रत्येक तिकिटामागे एक तारा असे जलचिन्ह होते आणि नाशिकच्या कागदात अनेक तारे. त्याही आधी, १८६५ पासून, हत्तीच्या मस्तकाचे जलचिन्ह होते. तेव्हा तिकीट काळ्या पृष्ठावर उलटे ठेवून किंवा उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहिल्यावाचून वर्णन लिहू नये. दंतुर कडेचेही तसेच. २ सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे बसतात, यावरून ते माप ठरते. मोजपट्टी अगदी स्वस्त मिळते; ती न वापरता ‘दाते व्यवस्थित’ असे लिहिणे म्हणजे उंची न मोजता अंगरखा शिवण्यासारखे आहे.

हे सारे पाहून झाल्यावर तिकिटाचा सूचीतील क्रमांक द्यावा. स्टॅन्ली गिबन्सची सूची १८६५ पासून निघत आहे आणि भारतीय तिकिटांसाठी आपल्याकडे तीच अधिक चालते. मात्र क्रमांकाबरोबर सूचीचे नाव आणि आवृत्तीचे वर्षही लिहावे. वेगवेगळ्या सूचींचे क्रमांक परस्परांशी जुळत नाहीत आणि किमती तर आवृत्तीगणिक बदलतात.

आता आपल्या ग्वाल्हेरकडे येऊ. १८८५ साली शिंदे सरकारने ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालखात्याशी करार केला. त्या कराराने ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर ‘ग्वालियर’ हे नाव इंग्रजी व नागरी अशा दोन्ही अक्षरांत उठवून ती संस्थानात विकली जाऊ लागली. पतियाळा, नाभा, जिंद, चंबा आणि फरीदकोट या संस्थानांनीही असेच करार केले होते. सरकारी कामाच्या बहुतेक तिकिटांवर तर आपल्या संस्थानाने इंग्रजी अक्षरे घेतली नाहीत. ‘ग्वालियर’ आणि ‘सर्विस’ हे दोन्ही शब्द नागरीतच उठविले. १९५० सालाच्या अखेरीस ही तिकिटे चलनातून गेली. जवळजवळ पासष्ट वर्षांचा हा इतिहास आपल्या घरांतील वह्यांत विखुरलेला आहे, आणि म्हणूनच त्याचे वर्णन नीट होणे ही आपली विशेष जबाबदारी आहे.

या तिकिटांत धोका कोठे आहे, पाहा. साध्या हिंदुस्थानी तिकिटात आणि ग्वाल्हेरच्या तिकिटात फरक काय, तर वर उठविलेली ती अक्षरे. तिकीट खरे, कागद खरा, जलचिन्ह खरे. केवळ अक्षरे बनावट असली तरी पैशांचे तिकीट शेकडो रुपयांना विकता येते. शिवाय या अक्षरांत पोटभेद पुष्कळ आहेत. आरंभीच्या छपाईत नागरी अक्षरांची लांबी दोन प्रकारची आढळते आणि ती मिलिमीटरमध्ये मोजूनच सूचीत स्थान ठरते. इंग्रजी नावात ‘ओ’च्या जागी ‘सी’ पडलेली, किंवा शेवटचा ‘आर’ उंच असलेली तिकिटे संग्राहक मुद्दाम शोधतात. परंतु ‘ओ’ची एक बाजू खरवडली की ‘सी’ होतो, हे विसरू नये. अशी चूक वर्णनात मिरविण्यापूर्वी त्या जागेचा कागद भिंगाखाली अवश्य पाहावा.

खरेखोटे ठरविण्याच्या दोन साध्या कसोट्या घरच्या घरी लावता येतात. पहिली कसोटी शाईच्या थरांची. अक्षरे आधी छापली जातात आणि टपालाचा शिक्का नंतर पडतो. त्यामुळे शिक्क्याची शाई अक्षरांच्या वर असली पाहिजे. भिंगातून पाहताना अक्षरेच शिक्क्यावर चढलेली स्पष्ट दिसली, तर ते तिकीट वापरून झाल्यावर त्याला ग्वाल्हेरचे नाव दिले गेले, असा निष्कर्ष निघतो. दुसरी कसोटी शिक्क्यातील गावाची. ही तिकिटे संस्थानात टाकलेल्या पत्रांवरच चालत. म्हणून लष्कर, उज्जैन, भेलसा किंवा मंदसोर यांसारख्या गावांचा शिक्का असला तर तो स्वाभाविक. मद्रासेचा असला तर संशय घ्यावा आणि तो संशय वर्णनात नोंदवावा. आगगाडीच्या टपालडब्यातील शिक्क्यासारखे अपवाद असू शकतात; म्हणून एवढ्यावरून तिकीट बनावट ठरवू नये, पण गप्पही बसू नये.

ओळख पटली की स्थितीचे वर्णन येते. येथे विशेषणांचा मोह टाळावा. ‘उत्तम’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ या शब्दांना माप नाही. त्यापेक्षा जे दिसते ते सांगावे. न वापरलेल्या तिकिटाच्या मागे मूळ डिंक आहे की नाही? असल्यास तो अस्पर्श आहे, की वहीत चिकटविण्यासाठी लावलेल्या हिंजची खूण त्यावर आहे? आपल्या दमट पावसाळ्यात तिकिटे एकमेकांना किंवा पानाला चिकटतात, ती सोडविताना डिंक जातो, आणि मग कोणी नवा डिंक लावून त्याला मूळचा म्हणवितो. नव्या डिंकाचे ओघळ दातांच्या टोकांपर्यंत उतरलेले दिसतात. शंका आली तर तसे लिहावे. कागद कोठे पातळ पडला आहे काय, घडी किंवा सुरकुती आहे काय, तांबूस डाग आहेत काय, एखादा दात आखूड आहे काय, रंग उडाला आहे काय, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मागची बाजू पाहूनच देता येते.

१८५४ च्या तिकिटांना दातच नव्हते. १ ऑक्टोबर १८५४ रोजी सर्व हिंदुस्थानासाठी जी पहिली तिकिटे निघाली, ती कलकत्त्यात छापली होती आणि टपालबाबू किंवा पत्रलेखक ती कात्रीने कापीत. अशा तिकिटांत चारही बाजूंचा समास किती राहिला आहे, यावर मोठी किंमत ठरते. ४ आण्याचे तिकीट तर पुष्कळांनी अष्टकोनी आकारात कापून वापरले. म्हणून ‘तीन बाजूंना समास स्पष्ट, डाव्या बाजूस चित्राला स्पर्श’ असे चार शब्द शंभर विशेषणांपेक्षा उपयोगी पडतात.

वापरलेल्या तिकिटाबाबत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: ते कशासाठी वापरले गेले? १९०६ सालानंतरच्या पुष्कळ हिंदुस्थानी तिकिटांवर टपाल व महसूल असे दोन्ही शब्द आहेत, कारण ती पत्रावरही चालत आणि पावतीवरही. मोठ्या किमतीची, म्हणजे १०, १५ वा २५ रुपयांची तिकिटे बहुधा दस्तऐवजांवर आणि तारखात्यात खपली. त्यांवर पेनची सही, कचेरीचा रबरी ठसा किंवा तारखात्याची खूण आढळते. खरा टपालाचा शिक्का असलेले तिकीट आणि महसुली वापराचे तिकीट यांच्या किमतीत जमीनअस्मानाचा फरक असतो. म्हणूनच पेनची शाई धुऊन त्यावर खोटा शिक्का मारण्याचा उद्योग चालतो. शिक्क्याखाली पुसट रेघा किंवा कागदाचा खरखरीतपणा दिसला, तर तो वर्णनात आलाच पाहिजे.

यानंतर ‘दुर्मिळ’ या शब्दाविषयी. ऑनलाइन बाजारात या शब्दाइतका स्वस्त शब्द दुसरा नाही. जगातले पहिले टपाल तिकीट, १८४० चे पेनी ब्लॅक, पाहा. ते सुमारे ६ कोटी ८० लाख छापले गेले आणि आजही बाजारात सहज मिळते. पहिले असणे, जुने असणे आणि दुर्मिळ असणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. याउलट १५ ऑगस्ट १९४८ रोजी महात्माजींच्या स्मरणार्थ चार तिकिटे निघाली. ती स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए या छापखान्यात छापली होती. त्यांतील १० रुपयांचे तिकीट आज चांगल्या किमतीला जाते, तरी ते सापडत नाही असे नाही. पण गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी त्यावर ‘सर्व्हिस’ ही अक्षरे उठविलेल्या प्रती केवळ १०० होत्या. २०१७ साली अशा चार तिकिटांची सलग पट्टी ५ लाख पौंडांना विकली गेली. अर्थातच ‘सर्व्हिस’ ही अक्षरे बनावट उठविण्याचा मोह फार मोठा आहे, आणि १० रुपयांच्या मूळ तिकिटाच्याही नकला झाल्या आहेत. अस्सल तिकिटाच्या दंतुर कडेचे माप ११½ आहे. नकलेवर भिंगाखाली आजच्या छपाईतील रंगांचे विखुरलेले ठिपके दिसले, की फार विचार करावा लागत नाही. ज्याच्या घरी असे काही निघेल, त्याने ते प्रथम तज्ज्ञांकडे पाठवावे. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची परीक्षक समिती १८९४ पासून हे काम करीत आली आहे. महाग तिकिटाला अशा प्रमाणपत्राचा खर्च जड नसतो.

बनावट, नक्कल आणि पुनर्मुद्रण हे शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. मूळ ठशावरून नंतर छापलेले ते पुनर्मुद्रण. कुतूहलापोटी, न लपविता केलेली ती नक्कल. आणि फसविण्याच्या हेतूने केलेले ते बनावट. १८५२ साली सर बार्टल फ्रियर यांच्या पुढाकाराने सिंध प्रांतात निघालेले ‘सिंध डाक’ हे आशियातले पहिले टपाल तिकीट. त्याचा लाखेवर उठविलेला पहिला प्रकार इतका ठिसूळ होता की फारच थोडे नमुने वाचले. आजोबांच्या वहीत लाल लाखेचे चकचकीत, अभंग ‘सिंध डाक’ निघाले, तर आनंदापूर्वी संशय यावा. नक्कल म्हणून ती प्रामाणिकपणे विकता येते, तिलाही गिऱ्हाईक असते.

छायाचित्रासंबंधी थोडक्यात सांगतो. तिकीट जे विकायचे, तेच दाखवावे. दुसरीकडून उचललेले चांगल्या नमुन्याचे चित्र लावणे ही सरळ फसवणूक आहे. पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू दाखवाव्यात. पार्श्वभूमी काळी असावी, म्हणजे दाते मोजता येतात. यंत्राने रंग उजळवू नयेत. पडद्यापडद्यावर रंग बदलतो; म्हणून रंगछटेवर किंमत अवलंबून असेल, तर चित्रावर विसंबू नका असे स्पष्ट लिहावे. किमतीबाबतही एवढेच की, सूचीतील आकडा चांगल्या स्थितीतल्या तिकिटाचा असतो. आपले तिकीट पातळ पडलेले असताना पूर्ण आकडा लिहून ‘निम्म्या किमतीत’ म्हणणे हे अर्धसत्य आहे.

आता एक नमुना वाचून दाखवितो. पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेले आढळते: ‘अत्यंत दुर्मिळ जुने भारतीय तिकीट, १ आणा, बुद्ध, अप्रतिम स्थिती, संधी सोडू नका.’ याच तिकिटाचे खरे वर्णन असे होईल: ‘भारत, १९४९, पुरातत्त्व मालिका, १ आणा, बोधिसत्त्व, डावा हात पसरलेला. न वापरलेले, मूळ डिंक, मागे हिंजची एक खूण. वरच्या कडेचा उजवीकडून तिसरा दात आखूड. कागद पातळ पडलेला नाही, घडी नाही. जलचिन्ह तपासलेले नाही. दोन्ही बाजूंची छायाचित्रे सोबत. वर्णनाशी न जुळल्यास पंधरा दिवसांत परत घेऊ.’ पहिल्या मजकुरात सहा दावे आहेत आणि त्यांतला एखाददुसराच पडताळून पाहता येतो. दुसऱ्यातील प्रत्येक वाक्य घेणारा भिंग घेऊन तपासू शकतो. ‘तपासलेले नाही’ हे तीन अक्षरी नव्हे, पण दोन शब्दी वाक्य फार मोलाचे आहे. जे ठाऊक नाही ते नाही म्हणण्याने विक्रेत्याची पत वाढते. कारण मग तो जे ठाम सांगतो, त्यावर विश्वास बसतो.

ज्यांच्या घरी जुन्या वह्या आहेत त्यांना एक विनंती आहे. जुने पाकीट दिसले की त्यावरचे तिकीट पाण्यात भिजवून काढू नका. संस्थानी तिकीट लावलेले, लष्करच्या टपालकचेरीचा शिक्का असलेले पाकीट सबंध राहिले, तर कोणी, कोणाला, कधी, किती दराने पत्र पाठविले हे सारे त्यावरून कळते. सुटे तिकीट त्यातले फारच थोडे सांगते. वही कोणाची होती, साधारण कोणत्या वर्षांत भरली, हेही लिहून ठेवा. वस्तूचा मागचा प्रवास ठाऊक असणे हाही वर्णनाचाच भाग आहे, आणि तो सांगू शकणारी वडीलधारी माणसे आज घरात आहेत. उद्या असतील असे नाही.

एक शेवटचा मुद्दा. चुकीच्या वर्णनाने केवळ घेणारा फसतो असे नाही. ओळख न पटल्याने विकणाराही कवडीमोलाने रत्न देऊन बसतो. शिवाय एकदा खोट्या नावाने विकलेले तिकीट त्याच नावाने एका वहीतून दुसऱ्या वहीत फिरत राहते, आणि पुढचा अभ्यासक त्यावर आपला सिद्धान्त रचतो. कलकत्त्यात १८९७ साली फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. तिच्यातील स्ट्युअर्ट-विल्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी संस्थानांची ही अक्षरे उठविलेली तिकिटे एकेक करून नोंदविली, म्हणून आज आपण त्यांची नावे सांगू शकतो. ती नोंद वाढविणे किंवा बिघडविणे हे प्रत्येक विक्रेत्याच्या दोन ओळींच्या हाती आहे.

मराठी माणूस व्यापारात मागे, असे आपण स्वतःच म्हणत असतो. परंतु पेढीवर दिलेला शब्द पाळणे ही आपल्या वडीलधाऱ्यांची रीत होती. तिकीट चिमुकले असले तरी त्याचे वर्णन करताना तीच रीत पाळता येते, आणि सातासमुद्रापलीकडचा अनोळखी संग्राहक ग्वाल्हेरहून आलेले पाकीट निःशंक मनाने उघडू शकतो. मंडळाने आपल्या वाचनालयात एक भिंग, एक मोजपट्टी आणि तिकिटांची एक सूची ठेवावी, एवढी सूचना करतो.